डीएसएलवर नवा राउटर लावायचाय? माझे तीन दिवस कशात गेले ते आधी वाचा

राउटर दिवाळीत घेतलता, आता मृग लागलाय, म्हणजे सात महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर एक स्टार आन वर दोन शिव्या दिल्या असत्या. बरं झालं नाही लिहिलं, डब्बा बिचारा चांगला निघाला.

आधी घराचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. सेलूत जुन्या गावात आमचं माळवदाचं घर आहे, पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, मे महिन्यात बी आत गार. पण वायफायला ह्या भिंती म्हणजे किल्लाच. मेन रोडला फायबर आलंय, आमच्या गल्लीत अजून नाही, म्हणून टेलिफोनच्या वायरीवरचं डीएसएल. वायर येते पुढच्या ढाळजेत, मोडेम बी तिथंच, आन मी बसतो पार मागच्या खोलीत, आडत दुकानांचे जीएसटीचे रिटर्न भरत. मोडेमचं वायफाय चौकापर्यंत यायचं आन तिथंच दम तोडायचं. म्हणून चार अँटेनावाला ड्युअल बँड राउटर आणला, माळवदावरून पंधरा मीटर लॅन केबल फिरवली, राउटर ओसरीत ठेवला. दुकानदार म्हणाला, "काही नाही भाऊ, वायर लावली की चालू."

वायर लावली. नाही झालं चालू.

पहिल्या दिवशी चूक माझीच, मोडेमहून आलेली केबल मी राउटरच्या पिवळ्या लॅन पोर्टमध्ये खोचली, ते घरातल्या लॅपटॉप-टीव्हीसाठी असतंय, आन बाहेरचं नेट आत घ्यायचा निळा वॅन पोर्ट रिकामाच. मग नेट आईच्या मोबाइलवर चालायचं, माझ्या लॅपटॉपवर नाही, अर्ध्या तासानं उलटं, कारण मोडेम बी आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, वाटायला आन राउटर बी वाटायला. दुसऱ्या दिवशी केबल निळ्या पोर्टात गेली, मग राउटरच्या पेजवर पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडं लॉगिन करून नेट घ्यायची पद्धत, निवडून युजरनेम-पासवर्ड टाकला, तर सर्व्हर उत्तरच देईना. कस्टमर केअरला फोन केला, ते म्हणाले रीसेट करा. केला. परत केला. बारीक पिन खुपसून खुपसून ते भोक मोठं व्हायची वेळ आली.

शेवटी लाइनमन काकांना बोलावलं. त्यांनी मोडेमचे दिवे बघितले, चहा घेतला आन एका वाक्यात सांगितलं, "भाऊ, तुमचा मोडेम बी डायल करायलाय, राउटर बी करायलाय, दोघं बी करायलेत म्हणल्यावर कोण कुणाचं ऐकंल?" डायल म्हणजे कंपनीकडं लॉगिन करणं, आन गोष्ट खरी होती. आपल्याकडं जे मोडेम मिळतात त्यात बहुतेकांत पीपीपीओईचं लॉगिन आतच भरलेलं असतं, मोडेम स्वतःच राउटरचं काम करत असतो. त्याच्या मागं लावलेल्या राउटरनं परत लॉगिन करायचंच नसतं, त्याला डायनॅमिक आयपी, म्हणजे मोडेम देईल तो पत्ता, निवडून गप बसवायचं असतं.

ते केलं. स्टेटसला वॅन आयपी आला, १९२.१६८.१.४, मी खुश. पण पेज काही उघडेना. रात्री साडेअकराला, घरचे सगळे झोपलेले, टॉर्च लावून मोडेम उलटा केला, बुडाला स्टिकरवर छापलेलं १९२.१६८.१.१. राउटर उलटा केला, त्याच्या बी बुडाला १९२.१६८.१.१. एका घरात दोन कारभारी आन दोघांचं नाव एकच! राउटरला वॅनकडं बी १९२.१६८.१ वालं नेटवर्क दिसायलंय आन लॅनकडं बी तेच, मग पॅकेट कुठं पाठवायचं ते त्याला कळंना. काही राउटर हे ओळखून आपला पत्ता आपणच बदलून घेतात, माझ्यानं नाही घेतला. मग मोडेमची केबल काढली, लॅपटॉप एकट्या राउटरला जोडला, लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५.१ केला, रीस्टार्ट, केबल परत निळ्यात, दोन मिनिटांत नेट सुरू. तिसरा दिवस ह्या एका आकड्यापायी गेला. पुस्तिकेत ह्याच्यावर एक ओळ नाही, आन मी जो स्टार कापलाय तो फक्त त्या पुस्तिकेचा.

एक महिना तसाच चालवला. ब्राउझिंग, व्हिडिओ, रिटर्न, कशालाच अडचण नाही. पण सुट्टीत भाचा आला, त्याच्या गेममध्ये सारखं नॅट स्ट्रिक्ट येऊ लागलं (नॅट म्हणजे घरातल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्यानं दाखवायचं काम), कारण मोडेमचा एक नॅट आन राउटरचा दुसरा, डबल नॅट. मग ठरवलं मोडेम ब्रिज मोडला टाकायचा, म्हणजे मोडेमनं फक्त लाइन धरायची, लॉगिन राउटरनं करायचं. हात लावायच्या आधी मोडेमच्या प्रत्येक पेजचा मोबाइलनं फोटो काढला, आन हे नक्की करा, कारण व्हीपीआय-व्हीसीआय हे लाइनची ओळख सांगणारे दोन आकडे, माझ्या लाइनला ०/३५ होते, चुकले तर एडीएसएलचा, म्हणजे लाइनचा, दिवा लागलेला राहतो आन नेट मात्र शून्य. पासवर्ड बी आधी हातात ठेवा, मोडेमच्या पेजवर तर नुसते ठिपके दिसतात. ब्रिज केल्यावर मोडेमचं वायफाय आन डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, दोन्ही बंद केलं, राउटरला पीपीपीओई दिलं, तर आता म्हणतंय ऑथेंटिकेशन फेल! पासवर्ड बरोबर होता, जुनं सेशन तिकडच्या सर्व्हरवर लटकून राहिलतं. दोन्ही डबे पंधरा मिनिटं बंद ठेवले, जेवून आलो, लावले, चालू.

आणखी एक घोळ मीच घातला. कुठल्यातरी व्हिडिओत बघून एमटीयू, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा, १५०० केला, स्पीड वाढते म्हणे. स्पीड तर वाढली नाहीच, उलट काही साइट अर्ध्या उघडून नुसत्या फिरत राहायच्या, आन नेमकी १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचा थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये दंड, आन गिऱ्हाईक आपल्याकडंच बघतं. पीपीपीओईचे आठ बाइट त्याच १५०० मधून जातात, म्हणून १४९२ च्या वर जाऊ नका. ते परत केलं तेव्हा रात्री एक वाजता रिटर्न गेला.

लोडशेडिंगचं बी सांगतो. लाइट आली की राउटर पटकन उठतो, मोडेमला लाइन धरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर राउटर डायल करून दमून बसलेला असतो. कनेक्ट ऑटोमॅटिकली हे सेटिंग ठेवलं तेव्हापासून उठून हात लावावा लागत नाही. आन ब्रिज केल्यावर मोडेमचं पेज राउटरमधून उघडत नाही म्हणून घाबरू नका, लॅपटॉप थेट मोडेमला लावून हातानं १९२.१६८.१.१० आयपी दिला की उघडतं.

राउटर म्हणून बोलायचं तर २.४ गिगाहर्ट्झवालं वायफाय ओसरीतून मागच्या खोलीत येतं, रडत रडत पण येतं. ५ वालं एका भिंतीतच संपतं, ते चौकात खाटेवर बसून वापरायचं. मेमध्ये डब्बा हाताला चटका बसेल इतका तापायचा, टीव्हीवरून काढून लाकडी फळीवर ठेवला, एकदा बी हँग नाही झाला.

पण लाइनच खराब असली तर राउटर काय करणार? वळवाचा पाऊस झाला आन नेट दर दहा मिनिटाला पडू लागलं, माझा संशय परत राउटरवर. मोडेमच्या स्टेटसमध्ये एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइनवरच्या खरखरीपुढं सिग्नलला किती वाव उरलाय तो आकडा, बघितला, उन्हाळ्यात १३-१४ डीबी असायचा तो ४ वर आलता, सहाच्या खाली गेला की लाइन डळमळते. फोन उचलला तर कानात खरखर. काकांनी खांबापासून वायर तपासत आणली, आमच्याच भिंतीवर पिळा मारून टेप गुंडाळलेला जुना जोड निघाला, आत हिरवं पडलेलं तांबं. त्यांनी तो कापून जेलीवाला कनेक्टर लावला, मार्जिन परत ११.

आता वीज कडाडायला लागली की आबा पहिले टेलिफोनची वायर मोडेममधून उपटतात, शेजारच्यांचा मोडेम वायरीतूनच जळाला तेव्हापासून. परवा उपटताना त्यांच्या हातानं लॅनची बी निघाली आन परत लावताना भलत्याच भोकात गेली, मी बाजारातून येईपर्यंत घरात नेट नाही. मग त्यांनीच कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून मोडेमला चिकटवलंय, "बारीक वायर काढावी. जाड वायरीला हात लावू नये."