श्टुटगार्टमधून घेतलेला पुण्यातल्या सूसचा फ्लॅट: वर्षभर राहिल्यावरचा अनुभव (मुख्यतः पाण्याचा)

गिझरचं कॉईल पुन्हा जळालं. वॉरंटी चालू आहे म्हणून कंपनीकडे तक्रार टाकली, माणूस आला, टाकी उघडली, आतला पांढरा थर खरवडून दाखवला आणि म्हणाला, मॅडम, जड पाण्याने खराब झालेलं वॉरंटीत बसत नाही. कस्टमर केअरशी भरपूर भांडले, त्यांनी वॉरंटी कार्डाच्या मागचं बारीक अक्षरातलं कलम वाचून दाखवलं, शेवटी कॉईलचे पण आणि व्हिजिटचे पण पैसे मलाच भरावे लागले. त्या रागात लिहायला बसलेय, पण फ्लॅटला वर्ष होत आलंय तर सगळंच लिहिते, कारण परदेशातून घर घेणाऱ्याला कागदपत्रांबद्दल दहा जण सांगतात, पाण्याबद्दल कोणी सांगत नाही.

जर्मनीहून परत येताना मुलांची शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आत स्वतःच्या घरात उतरायचं होतं. आधी भाड्याने राहा आणि मग शोधा असं सगळे म्हणत होते, पण त्यात डिपॉझिट, ब्रोकरेज आणि सामान दोनदा हलवायचा खर्च, तो मला अजिबात मान्य नव्हता. म्हणून तिकडूनच रेडी पझेशन थ्री बीएचके घेतला. कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात असल्याशिवाय बोलायचंच नाही हे पक्कं ठरवलं होतं, त्यामुळे 5 टक्के जीएसटी वाचला आणि पझेशनची वाट बघणं पण.

कागदांचा भाग उत्तम झाला, इथे पूर्ण मार्क. पॉवर ऑफ अॅटर्नी दादाच्या नावाने, स्पेशल, फक्त ह्याच फ्लॅटपुरती: करारावर सही, रजिस्ट्रेशन, ताबा, बस. विकायचा किंवा गहाण ठेवायचा अधिकार त्यात घातलाच नाही आणि दादानेच सांगितलं होतं घालू नकोस. म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही केली, कुरियरने पुण्याला पाठवली, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते हे विसरू नका. करार माझ्या एकटीच्या नावावर केला, कारण बाईच्या नावावर निवासी घर असेल तर 2021 पासून महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते, म्हणजे आमच्याकडे 7 च्या जागी 6, आणि 1 कोटी 10 लाखांवर तेच 1 लाख 10 हजार होतात. रजिस्ट्रेशन फी 30 हजारांच्या वर जात नाही. पैसे एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) खात्यातून दिले, विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून त्याचा 26क्यूबी फॉर्म भरला. (विकणारा स्वतः एनआरआय असेल तर हे लागू नाही, तिथे कापायचा कर खूप जास्त, तेव्हा सीए गाठा.) रजिस्ट्रेशन झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मी श्टुटगार्टमध्ये बसून सरकारी साइटवर बघितला. हे सगळं घरबसल्या होतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आता पाणी. दादाने जानेवारीत व्हिडिओ कॉलवर सगळं घर दाखवलं, टेप लावून खोल्या मोजल्या, फ्लश ओढून दाखवले, प्रत्येक नळ सोडून दाखवला, धो धो पाणी. मी पाण्याबद्दल ईमेलवर विचारलं होतं, बिल्डरच्या ऑफिसचं उत्तर आलं की कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे. आहेच. एक दिवसाआड तासाभर, करंगळीएवढ्या धारेने. व्हिडिओत दिसलं ते टँकरचं पाणी होतं. नळातून टँकरचं येतंय का धरणाचं, हे मोबाईलवर कसं कळणार?

सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी. त्याआधीच्या बांधकाम परवानग्या पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या). इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याच्या लाईनी आणि टाक्यांची कामं मागून चाललीयेत. म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही धरणं भरली असली तरी आमच्या गेटवर टँकर उभा असतो, अगदी ऑगस्टमध्ये भर पावसात पण. मला वाटलं होतं मे महिन्यापुरतं असेल. नाही.

हिशोब करून बघा, मी केलाय. माणशी 135 लिटर हे नियोजनाचं प्रमाण धरलं तर चार जणांच्या घराला 540 लिटर, आमचे 120 फ्लॅट, म्हणजे रोज जवळजवळ 65 हजार लिटर. 10 हजारी टँकर धरला तर साडेसहा टँकर. एरवी 1,200 रुपये भाव धरला तरी महिन्याला 2 लाख 34 हजार, म्हणजे फ्लॅटमागे 1,950 रुपये, मेंटेनन्स वेगळा. एप्रिल-मेमध्ये भाव चढतो तो वेगळा. आणि पाण्याची पट्टी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात महापालिकेला भरतोच आहोत! मला हे पैसे फार बोचतात. जो कोणी तुमच्यासाठी फ्लॅट बघायला जाणार असेल त्याला टाईल्स बघायला लावू नका, सोसायटीच्या ऑफिसमधून मागच्या एप्रिल-मेच्या टँकरच्या पावत्यांचे फोटो मागवा, टोकन द्यायच्या आधी. आणि टाईल्स बघतानाच बाथरूमच्या नळाच्या जाळीवर पांढरं साठलंय का ते बघायला सांगा.

कारण टँकरचं पाणी बोअरचं असतं. लॅबमधून तपासून घेतलं, जडपणा लिटरला 480 मिलिग्रॅम आला. भारतीय मानकात पिण्यासाठी 200 चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे नियमात बसतं, आणि गिझर मात्र बसतो तो कायमचाच. वॉशिंग मशीनला महिन्याला डिस्केलर, शॉवर दर पंधरा दिवसांनी व्हिनेगरमध्ये, आईचे केस गळायला लागले ते वेगळंच. कोथरूडला दादाकडे धरणाचं पाणी, त्याचा गिझर बारा वर्षांचा आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड, किरकटवाडीत जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराचे) पेशंट सापडले आणि संशय पाण्यावर गेला, त्यामुळे टँकर कुठल्या विहिरीवरून भरतो ही चौकशी मी कमिटीच्या मागे लागून सुरू केली. आता ड्रायव्हरकडून भरण्याच्या जागेची नोंद आणि टाकीत उतरवताना क्लोरीन टेस्ट होते. चेअरमन काका कंटाळतात, पण करतात.

सॉफ्टनर प्लँटबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं, ते पण लिहिते. पावसाळ्यात मी सगळ्या बिल्डिंगसाठी प्लँट बसवा म्हणून मीटिंगमध्ये तासभर बोलले होते. मग ज्यांच्याकडे आहे अशा बालेवाडीच्या एका सोसायटीत जाऊन बघून आले. त्यात मीठ टाकावं लागतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन त्या जागी सोडियम येतं, क्षार कमी होत नाहीतच, आणि प्लँट धुताना खारट पाणी वाहून जातं, म्हणजे विकतचं पाणी विकतचं मीठ घालून गटारात. तेच एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये) गेलं तर बागेला घालायच्या पाण्याची पण वाट. तेव्हा आता माझा विरोध आहे. ज्याला हवा त्याने गिझरच्या आधी छोटा बसवावा, मी तोच बसवतेय.

घर म्हणून विचाराल तर आवडलंय, मनापासून. पूर्ण पावसाळ्यात एक थेंब गळला नाही, भिंतींना ओल नाही, हॉलमधून किचनपर्यंत वारा खेळतो, मुलांना खाली खेळायला वीस जण सापडले. आईला पाषाणपर्यंत रिक्षा मिळते. दरवाज्याची एक चौकट फुगली ती बिल्डरने बदलून दिली, कुरकुर न करता. बांधकामातला दोष असेल तर ताब्यापासून पाच वर्षं जबाबदारी त्याचीच, रेरा कायद्यात आहे, पण मागून घ्यावं लागतं. पीटी-3 फॉर्म भरला की स्वतः राहणाऱ्याला प्रॉपर्टी टॅक्समध्ये 40 टक्के सवलत मिळते, ताबा घेतल्यावर तेवढं पहिलं करा.

पण टँकरचे पैसे मी सोडणार नाहीये. आमच्या सेक्रेटरींनी माहिती अधिकारात परवानगीची फाईल काढली, त्यात बिल्डरचं हमीपत्र निघालं: महापालिकेचं पुरेसं पाणी सुरू होईपर्यंत पाणी स्वखर्चाने देईन. सहीशिक्क्यानिशी. माझं ते जुनं ईमेल पण त्याला जोडलंय. वर्षभराच्या टँकरच्या पावत्या लावून होत आल्यात, या महिन्यात सोसायटीची नोटीस जाईल, आणि उत्तर आलं नाही तर पुढची तक्रार महापालिकेकडे आणि महारेराकडे.