कवेलूवरची ताडपत्री: दहा महिन्यांनंतर

आमचं घर इंदूरला रामबागेत. पुढचा भाग स्लॅबचा झाला त्याला बरीच वर्षं झाली, मागची पडवी मात्र अजून कवेलूंची, म्हणजे मातीच्या कौलांची आहे. गेल्या मार्चमध्ये तिची काही कवेलू फुटली आणि कवेलू फेरणारा माणूस काही मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, काढा हे सगळं, पत्रे टाका. आईला ते मान्य नव्हतं, मलाही नव्हतं. भर मे महिन्यात त्या पडवीत दुपारी बसता येतं, आणि आईचं शिवणाचं मशीन कायम तिथेच असतं. तेव्हा एक पावसाळा ताडपत्रीवर काढायचा असं ठरलं. मशीन तात्पुरतं पुढच्या खोलीत गेलं.

एप्रिलमध्ये निळी ताडपत्री आणली. १५ बाय १२ फूट, दुकानदाराच्या तोंडी २०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅम. चारी बाजूंच्या आयलेटांतून, म्हणजे कडेच्या कडी बसवलेल्या भोकांतून, नायलॉनची दोरी ओवली, खिडकीच्या गजांना आणि नळाच्या पाइपाला करकचून बांधली, वर आठ विटा ठेवल्या. काम अगदी पक्कं झालं असं मला वाटलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधीची ती धुळीची वावटळ आली. माळव्याच्या पठारावर मे-जूनचा वारा पश्चिमेकडून येतो आणि त्याला अडवायला काही नसतं. रात्री साडेनऊला फटफट आवाज सुरू झाला. मी मागच्या दारात पोचेपर्यंत पश्चिमेकडचे दोन कोपरे आयलेटांसकट फाटून निघाले होते आणि ताडपत्री शिडासारखी उभी राहिली होती. एक वीट अंगणात पडली. तुळशीवृंदावनाची कड तुटली. त्याच जागी अर्ध्या तासापूर्वी आई दिवा लावून गेली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. ज्या छपराखालून माणसं वावरतात त्या छपरावर सुटी वीट किंवा दगड ठेवू नका. कोणी कितीही सांगो, ठेवू नका.

मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी हिशेब मी त्या रात्रीनंतर केला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा थेट अडला तर एका चौरस मीटरवर साधारण सव्वाचार किलोचा जोर येतो, ताशी ६० किलोमीटरला तो सतरा किलोवर जातो. माझी ताडपत्री कडा दुमडून उरलेली, साडेपंधरा चौरस मीटरची. म्हणजे वारा तिच्या पोटात शिरला तर अडीचशे किलोच्या वर ओढ. त्यापुढे माझ्या आठ विटा म्हणजे जेमतेम चोवीस किलो.

फाटलेली ताडपत्री दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर टाकली, तर भरली २ किलो ६०० ग्रॅम. १५ बाय १२ फूट म्हणजे १६.७ चौरस मीटर, २०० जीएसएमच्या हिशेबाने तिचं वजन ३ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं होतं. माझी १५५ ची निघाली. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, सगळे असंच विकतात. तेव्हा घेताना वजन करून घ्या, काटा प्रत्येक दुकानात असतो. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. सांगतात ते बहुतेक कापलेलं माप असतं. कडा दुमडून शिवल्यावर लांबीत आणि रुंदीत अर्धा-अर्धा फूट कमी होतो. छपराच्या मापाची ताडपत्री घेतली की ती अपुरीच पडणार.

दुसरी मी सियागंजातून वजन करून घेतली. पण खरं शिक्षण देवास नाक्यावर झालं. भावाचं तिथे काम होतं, मी सोबत गेले होते. एक ट्रकवाला मालावर ताडपत्री आवळत होता आणि मी बघत उभी राहिले. त्याने आयलेटांचा उपयोग ताडपत्री जागेवर धरण्यापुरताच केला. खरा भार घेतला तो वरून घातलेल्या दोरीच्या जाळीने: या बाजूच्या हुकातून त्या बाजूच्या हुकात, तिरपी, पुन्हा तिरपी. आणि प्रत्येक दोरी हुकाला थेट न बांधता मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घातलेली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "दीदी, रस्सी को थोड़ा साँस लेने दो, नहीं तो कपड़ा फटेगा." माझं नेमकं हेच चुकलं होतं. मी दोरी इतकी ताणली होती की वाऱ्याचा प्रत्येक झटका सरळ आयलेटवर बसत होता. सतत ओढ असली तर ताडपत्री बरीच सोसते, ती फाटते फडफडीने. एका रात्रीत हजारो झटके, आणि तेही सगळे त्याच रुपयाएवढ्या जागेवर.

त्याची गाठही शिकून आले. दोरीला मध्येच एक फास करायचा, मोकळं टोक खालच्या हुकातून वर आणून त्या फासातून ओवायचं आणि खाली ओढायचं. कप्पीसारखं काम होतं, माझ्यासारखीच्या हातालाही दोरी चांगली आवळता येते. शेवटी सुरगाठ, निरगाठ कधीच नाही. निरगाठ पावसात भिजली की सुटत नाही, कापावी लागते, आणि दर वेळी दोरी वीतभर आखूड होते.

आता माझी मांडणी सांगते, कारण हीच दहा महिन्यांतले शेवटचे साडेसात महिने टिकली आहे. ताडपत्रीची खालची कड एका लांब बांबूवर दोन वेढे गुंडाळली आणि बांबू दर दोन फुटांवर पडवीच्या वाशांना बांधला. त्यामुळे ओढ एका छिद्रावर न येता पूर्ण कडेवर वाटली जाते. या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोलाची गोष्ट हीच, आणि तिला खर्च एका बांबूचा. पश्चिमेची कडही तशीच दुसऱ्या बांबूवर घेतली, कारण वारा तिथून शिरतो. वरची कड आढ्यावरून पलीकडे दोन फूट उतरवली. आधी मी ती आढ्यापाशीच संपवली होती, पाणी मागून आत यायचं. कवेलूंचा नियम इथेही लागू: वरचं खालच्यावर चढलं पाहिजे. त्यावर दोरीची जाळी, आणि प्रत्येक दोरीच्या खालच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी. पंक्चरवाल्याने ट्यूबा फुकट दिल्या.

पूर्वेकडची, वाऱ्याच्या आडची कड मी मुद्दाम हातभर मोकळी ठेवली आहे. सुरुवातीला तीही बंद केली होती. जुलैत आठ दिवस झड लागली, मग उघडीप पडल्यावर ताडपत्री उचलून बघितली, तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब आणि सागवानी वाशावर पांढरी बुरशी. पाऊस बाहेर ठेवला आणि ओल आत कोंडली, असं झालं होतं. आता उघडीप मिळाली की पूर्वेची बाजू आणखी गुंडाळून वर करते, लाकूड वाळू देते. सुरगाठींमुळे हे दोन मिनिटांचं काम आहे.

जुलैच्या शेवटी दक्षिणेकडचं एक आयलेट निघालंच. भोक पडलेल्या जागी नवं आयलेट ठोकून उपयोग नसतो, कापड तिथे कमजोर झालेलं असतं. त्याऐवजी कडेपासून वीतभर आत ताडपत्रीखाली गुळगुळीत गोटा धरायचा, वरून कापडाची पुरचुंडी करायची आणि तिच्या मानेला दोरी बांधायची. भोक नाही, टाका नाही, आणि ओढ गोट्याच्या सगळ्या गोलाईवर पसरते. मी गोटा घ्यायला देवघराजवळच्या परातीत हात घातला, तर आईने थांबवलं. ते ओंकारेश्वरहून आणलेले नर्मदेचे गोटे. "ते शंकर आहेत, छपराला बांधायचे नाहीत." बरोबर होतं तिचं. शेवटी भाच्याने आपली मोठी काचेची गोटी दिली. ती इतकी छान बसली की आता तशा पाच आहेत. टोकदार खडी मात्र चालत नाही, कापड आतून कापलं जातं.

दोऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे मी इथेच वाया घालवले. नायलॉन मजबूत खरा, पण पाणी पितो आणि भिजला की लांबतो. संध्याकाळी ताठ बांधलेली दोरी पहाटे पावसात ढिली पडलेली असायची, आणि ढिली दोरी म्हणजे पुन्हा फडफड. सुतळीचं उलटं: ती भिजली की आखडते, आयलेट ओढते आणि दोन महिन्यांत कुजते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या हिरव्या-पिवळ्या प्लास्टिकच्या दोरीला पाण्यात काही होत नाही, पण उन्हाने ती खलास होते. उत्तरेच्या बाजूला वापरून पाहिली, ऑक्टोबरमध्ये बोटांनी चोळली तर तिचा भुगा हातात आला. पॉलिएस्टरची ६ मिलिमीटरची दोरी महाग पडली, पण भिजून लांबत नाही आणि उन्हातही टिकली आहे. एकदाच खर्च करायचा असेल तर तो दोरीवर करा, ताडपत्रीच्या जाडीवर नको.

ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या चिमटा-क्लिपांबद्दल माझं मत चांगलं नाही. दहातल्या तीन पहिल्याच महिन्यात तुटल्या. उरलेल्या ओल्या कापडावरून घसरतात. स्कूटरच्या कव्हराला ठीक आहेत, छपराला नाहीत. हुकवाली इलास्टिकची दोरी, सामान बांधायची असते ती, सप्टेंबरपर्यंत सैल झाली. शिवाय ताणलेला हुक सुटला तर सरळ डोळ्यावर येतो. माझ्या कपाळावर एकदा लागला, दोन बोटं खाली असता तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. मुलं असलेल्या घरात ती वापरू नये. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या फुकटच्या, त्या एक सोडून अजून तशाच आहेत.

पहिल्या, फाटलेल्या ताडपत्रीचा बरा तुकडा कापून अंगणात स्कूटर आणि कूलरवर आडवा बांधला होता. तिथे वाऱ्यापेक्षा पाण्याने त्रास दिला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एक किलो. सपाट बांधलेलं कापड जरा वाकलं की तिथे पाणी साठतं, साठलं की आणखी वाकतं. एका सकाळी ते पखालीसारखं लोंबत होतं, भावाने आणि मी झाडूच्या दांड्याने उचलून रिकामं केलं. तेव्हापासून मध्ये टेकू आहे, टेकूच्या डोक्यावर जुना टेनिसचा चेंडू कापून बसवला आहे आणि एक बाजू फूटभर खाली उतरवली आहे. पुन्हा थेंब साठला नाही.

आता दहा महिन्यांनंतरची स्थिती. वरचा रंग विटला आहे, ते चालायचंच, ऊन प्लास्टिकला खातंच. खरी झीज दोन ठिकाणी आहे: दुकानातल्या घड्या होत्या त्या रेघांवर, तिथे कापड पांढुरकं झालंय, आणि आढ्यावर, जिथे ते कवेलूंच्या कडेला घासतं. आढ्याखाली आधी गोणपाट घातलं होतं, ते पाणी धरून ठेवायचं. आता बागेचा जुना रबरी पाइप उभा चिरून आढ्यावर बसवला आहे. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. नवी ताडपत्री आणल्यावर घड्या मोडून दोन दिवस उन्हात पसरून ठेवा, मग चढवा, आणि काढल्यावर घडी न घालता गुंडाळून ठेवा.

दर शनिवारी शाळेतून आल्यावर मी एक फेरी मारते. दोरीला बोटाने टिचकी मारायची, ढिली वाटली तर गाठ पुन्हा ओढायची. पाच मिनिटं लागतात. मोठ्या पावसाच्या किंवा वाऱ्याच्या इशाऱ्याच्या दिवशी आणखी एकदा. जूनच्या त्या रात्रीआधी मी दोन महिने वर बघितलंही नव्हतं.

कवेलू फेरणारा महूकडचा एक माणूस आता मिळाला आहे, होळीनंतर येतो म्हणाला आहे. तोवर ही ताडपत्री पुरेल असा माझा अंदाज आहे, पुढचा पावसाळा मात्र मी तिच्या भरवशावर काढणार नाही. कवेलू बसली की या ताडपत्रीवर वर्षाचा गहू वाळत घालायचा, आईचं आधीच ठरलं आहे.

ऑगस्टमध्ये एका रात्री खूप कोसळला. आईने झोपायच्या आधी पडवीत, मशीनच्या जुन्या जागी एक पितळी घमेलं ठेवलं होतं, मला न सांगता. सकाळी ते कोरडं होतं. दुपारी शाळेतून आले तर मशीन पडवीत होतं आणि आई माझ्या शाळेच्या साडीला फॉल लावत बसली होती. परवाच्या मावठ्यातही ते तिथेच होतं. उत्तरेची ती भुगा झालेली दोरी आम्ही नोव्हेंबरात बदलली, पण तिथली ट्यूबची पट्टी जरा चिरलेली दिसते आहे. येत्या रविवारी ती बदलायची आहे.