टर्नकी रिनोव्हेशन: फिनिशिंगला पाचपैकी चार, आर.सी.सी. ड्रॉइंगला भोपळा

मुंबई, ठाणे, पुण्यात जुना फ्लॅट ‘टर्नकी’ नवा करून देणारे ठेकेदार आता गल्लोगल्ली आहेत. चाव्या द्यायच्या, दोन-तीन महिन्यांनी परत घ्यायच्या. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, रंग, वायरिंग यांत बहुतेकांचा हात बसलेला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कोटेशनमधल्या ‘सिव्हिल वर्क, लमसम’ या एका ओळीबद्दल.

या सेवेतली खोट साधी आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं (इमारतीची मजबुती तपासणाऱ्या इंजिनिअरचं) ड्रॉइंग पॅकेजमध्ये असतं, पण ते ऑफिसच्या फाइलमध्ये राहतं. साइटवर तोडफोडीचं काम पोटठेकेदाराला ठोक दिलेलं असतं. त्याच्या माणसांच्या हातात ब्रेकर असतो आणि भिंतीवर खडूने मारलेली फुली. ड्रॉइंगमध्ये ‘४ फूट उघडा, वरचा लिंटल (उघड्या जागेवरची काँक्रीटची आडवी पट्टी) ठेवा’ असं लिहिलेलं असतं. फुली मात्र अख्ख्या भिंतीवर असते, कारण डिझायनरला ओपन किचन हवं असतं.

फ्रेमच्या, म्हणजे खांब आणि बीमच्या सांगाड्यावर उभ्या इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत गेली तर सांगाड्याला सहसा धक्का लागत नाही. म्हणूनच मिस्त्री छातीठोकपणे म्हणतो, “साहेब, पार्टिशनच आहे.” तेच वाक्य तो मायव्हनच्या इमारतीतही म्हणतो, आणि तिथे ते सपशेल चुकीचं असतं. ॲल्युमिनियम शटरिंगच्या त्या बांधकामात जवळपास सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. दार रुंद करणं सोडाच, पाइपसाठी भिंतीत आडवी झिरीही (खाचही) कन्सल्टंटला विचारल्याशिवाय मारायची नाही. पेठांतल्या जुन्या लोड-बेअरिंग घरांत विटेची भिंतच खांबाचं काम करते. विटांच्या बांधकामाच्या आय.एस. १९०५ या भारतीय मानकाप्रमाणे अशा भिंतीत आडवी झिरी जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, म्हणजे ९ इंची भिंतीत जेमतेम ३८ मिमी. ड्रेनेजचा पाइप त्यात लपत नाही.

अशा घरात भिंत काढून गर्डर टाकायचा असेल तर वजनाची पावती मागा. ड्रॉइंगमध्ये आय.एस.एम.बी. २००, म्हणजे २०० मिमी उंचीचा लोखंडी गर्डर असेल तर त्याचं वजन मीटरला सुमारे २५ किलो; साडेतीन मीटरचा नग ८५ किलोच्या पुढे जातो. दोन माणसांनी हसतखेळत जिन्याने वर आणला तर तो बहुधा १५० चा आहे. गर्डरची टोकं थेट विटांवर ठेवलेली चालत नाहीत, खाली भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा, बेड ब्लॉक, हवा. आणि टेकू आधी, तोड नंतर. हा क्रम सर्रास उलटा होतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र कोअर कटर, म्हणजे काँक्रीटला गोल भोक पाडणारं मशीन, करतो. चिमणीची ६ इंची डक्ट किंवा एसीचा ड्रेन जवळच्या वाटेने न्यायचा म्हणून बीमलाच भोक पाडतात. मशीनमधून निघालेला काँक्रीटचा दंडगोल फेकू देऊ नका, हातात घेऊन बघा. त्याच्या कडेला लोखंडाचा चकचकीत गोल काप दिसला तर सळई गेली. मग ठेकेदार ‘केमिकल भरून देतो’ म्हणतो. केमिकलने सळई जुळत नाही. १६ मिमी सळईला लॅप (जोडताना दोन सळ्या एकमेकींलगत ठेवायची लांबी) सुमारे ५० व्यास, म्हणजे ८०० मिमी, तोही भोकाच्या दोन्ही बाजूंना. थोडक्यात, ६ इंची भोकासाठी टेकू लावून जवळपास ६ फूट बीम खालून उघडावा लागतो. हे टाळायला भोक पाडण्याआधी रिबार लोकेटर फिरवला तर सळ्या कुठे आहेत ते कळतं. वॉर्डरोब सपाट बसावा म्हणून कॉलमची बाहेर आलेली कड ताशणं ही याचीच दुसरी तऱ्हा: सळ्यांवरचा ४० मिमी काँक्रीटचा थर (कव्हर) उडाला की सळ्यांना बांधणाऱ्या रिंगा उघड्या.

वजनाचा हिशेब तर कोणी करतच नाही. घराच्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारावर होतं. जुन्या टाइल न काढता वर दोन इंच मसाला आणि नवी टाइल टाकली की सव्वाशे किलो तिथेच संपले. बेडरूममध्ये नवं बाथरूम काढताना लेव्हल उचलायला रोडा भरतात, तो आणखी वेगळा. हवी ती पार्टिशन भिंत विटेऐवजी १०० मिमी ए.ए.सी. (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची केली तर वजन निम्म्याहून कमी भरतं. दरात फार फरक नसूनही हे आपण होऊन सुचवणारा ठेकेदार विरळाच.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्यानंतरही ‘सिव्हिल वर्क’ची ओळ एकच आहे.

तरीही टर्नकीच घ्यायचं असेल तर पॅकेजमधला कन्सल्टंट वगळा आणि आपला वेगळा नेमा. फी तुम्ही दिलीत तरच तो तुमच्या बाजूने बोलेल. त्याच्या निदान तीन भेटी ठरवा: तोडीच्या मार्किंगला, टेकू व गर्डर लागल्यावर, आणि प्लास्टरच्या आधी. तिसरी सर्वांत महत्त्वाची. करारात लिहून घ्या की त्याची सही असलेल्या साइट नोटशिवाय सिव्हिलचा पुढचा हप्ता नाही आणि प्लास्टरही नाही. सोसायटीला दिलेल्या अर्जाला तेच ड्रॉइंग जोडा.

काम बिघडलेलं दिसलं तर ठेकेदाराशी वाद घालत बसू नका. टेप लावून फोटो काढा, काम थांबवा, खालच्या मजल्यावरच्यांना सांगा, कन्सल्टंटचं पत्र सोसायटीला द्या. तरी ब्रेकर चालूच राहिला तर मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडे लेखी तक्रार करा. महापालिका कायद्याच्या कलम ३५४अ खाली काम थांबवण्याची नोटीस निघू शकते.

फिनिशिंगला पाचपैकी चार. स्ट्रक्चरला शून्य, आणि वेगळा कन्सल्टंट डोक्यावर असेल तर तीन.