रेसकोर्स की लोअर परळ? रॉकच्या रात्रीसाठी तिकीट कुठलं काढावं

मुंबईत एका संध्याकाळी चार-पाच रॉक बँड ऐकायचे तर दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सवरचा लोलापालूझा हा संगीत महोत्सव. २०२३ पासून भरणारा, दोन दिवसांचा आणि अनेक स्टेजचा. दुसरी म्हणजे लोअर परळचं अँटीसोशल किंवा तशीच एखादी लहान बंदिस्त जागा, जिथे तीन-चार बँड एकाच स्टेजवर एकामागून एक वाजवतात. पहिलीकडचं तिकीट हजारांत असतं, दुसरीकडचं बहुतेक वेळा काही शे रुपयांत भागतं. पण निवड पैशांवर करू नका.

आधी विचारा, कुणाला ऐकायचंय? २०२३ ला द स्ट्रोक्स आणि २०२५ ला ग्रीन डे रेसकोर्सवर वाजवून गेले. असा एखादा बँड कॉलेजपासून मनात असेल तर तिथेच जा, पुढची तुलना वाचायचीही गरज नाही. ठरावीक नाव मनात नसेल तर मात्र थांबा. या महोत्सवात पॉप आणि इलेक्ट्रॉनिकही भरपूर असतं. आवडते दोन बँड एकाच वेळी दोन स्टेजवर असतील तर एकावर पाणी सोडावं लागतं, आणि एका स्टेजवरून दुसऱ्याकडे गर्दीतून चालत जाण्यात निम्मं गाणं निघून जातं.

आता आवाज. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. मैदानात स्टेजपासून शंभर मीटर मागे उभे असाल तर तिथला आवाज तुमच्यापर्यंत पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. म्हणून मैदानाच्या मध्यात स्पीकरचे वेगळे मनोरे उभारतात आणि त्यांतून आवाज तेवढाच उशिरा सोडतात. ऐकू स्वच्छ येतं, पण ड्रमरचा हात पडताना आधी दिसतो आणि ठोका मागून येतो. लहान जागेत हे अंतर उरतच नाही. बास ड्रमचा ठोका थेट छातीवर बसतो, गिटारच्या अँपचा, म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या पेटीचा, आवाज हॉलच्या स्पीकरवाचूनही अंगावर येतो. रॉक हे अंगाने ऐकायचं संगीत आहे, आणि ते अंगाला भिडतं ते अशाच खोलीत.

लहान जागेची कमजोरीही आवाजातच आहे. अशा रात्री बहुतेकदा ड्रमसेट आणि अँप सगळ्या बँडना मिळून एकच असतात. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (सेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि पेडल तेवढी घेऊन येतो. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेणं, सहसा उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारा बँड आधी तपासून घेतो आणि पहिल्याचा नंबर शेवटी लागतो, म्हणजे स्टेज त्याच्यासाठी मांडलेलंच राहतं. दुपारी उशीर झाला की वेळ कापली जाते ती याच पहिल्या बँडची. त्यामुळे पहिली दोन गाणी गढूळ वाटली तर लगेच बँडला नावं ठेवू नका. सगळ्या वाद्यांचे आवाज जिथून कमी-जास्त करतात त्या मिक्सरच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहा. दोन्हीकडे तीच जागा सगळ्यात चांगली, कारण मिक्स करणारा माणूस तिथलंच ऐकून ठरवत असतो.

वेळेचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचे लाउडस्पीकर सरकारने खास सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला बंद करावे लागतात. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव ज्या धोबी तलावच्या रंगभवनात अनेक वर्षं गाजला, ते खुलं रंगमंदिरही शांतता क्षेत्रात आल्याने अशा मैफलींना मुकलं. ती जागा गेल्याची हळहळ अजून वाटते. सांगायचं ते एवढंच, की रेसकोर्सची 'रात्र' दुपारी उन्हात सुरू होते, तर बंदिस्त जागेतली त्यापुढेही चालते. विरार-कल्याणच्या माणसाला म्हणूनच मैदान सोयीचं. दहाला सुटलं की महालक्ष्मी स्टेशन चालत गाठता येतं. क्लबातून निघताना मात्र शेवटच्या लोकलवर डोळा ठेवावा लागतो.

बरोबर एकवीस वर्षांखालचं कुणी असेल तर क्लबच्या दारावरची वयाची अट आधी विचारून घ्या, तिकीट काढून परत फिरायची वेळ नको. पायांचं दुखणं असलेल्यांना दोन्हीकडे त्रासच आहे, कारण बसायला जागा कमी. कानात घालायचे फोमचे बोळे मात्र दोन्हीकडे हवेतच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेनुसार १०० डेसिबलचा आवाज दिवसाला १५ मिनिटंच सुरक्षित धरतात, आणि रॉकची रात्र काही तासांची असते.

एकाच विदेशी बँडवर जीव नसेल आणि पहिल्यांदाच जात असाल, तर मी लोअर परळ सांगेन. आधी त्या रात्रीच्या बँडची दोन-दोन गाणी ऐकून घ्या आणि पहिला बँड सुरू व्हायच्या आत पोचा. त्याच्यासमोर माणसं सगळ्यात कमी असतात. सेट संपला की तोच गिटारवाला बँडचे टी-शर्ट विकायच्या टेबलामागे उभा असतो. त्याला गाण्याबद्दल विचारा, तो मनापासून बोलतो.