दारातलं ॲशचं झाड: इंजेक्शन, ड्रेंच, निंबोळीवालं औषध की सरळ तोडून टाकायचं?

मिशिगन, ओहायो, इलिनॉय, न्यू जर्सी, तिकडे ओंटारियो, कुठेही राहत असाल आणि दारात ॲशचं झाड असेल तर हा निर्णय तुम्हाला आज ना उद्या घ्यावाच लागणार आहे. एमराल्ड ॲश बोरर म्हणजे अर्ध्या इंचाच्या आतबाहेरचा हिरवा चकचकीत भुंगा, मूळचा पूर्व आशियातला, बहुतेक मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आलेला. 2002 मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला आणि तेव्हापासून कोट्यवधी ॲश मेलेत. 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सरकारने क्वारंटाइनसुद्धा, म्हणजे ॲशचं लाकूड बाहेर नेण्यावरची बंदी, उठवलं, त्यामुळे आता आपलं झाड आपणच बघायचं.

आधी झाड खरंच ॲश आहे का ते बघा. फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, एका देठाला साधारण 5 ते 11 छोटी पानं असतात आणि जुन्या खोडावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी दिसते. माउंटन ॲश नावापुरतंच ॲश, त्याला हा भुंगा लागत नाही, उगाच पैसे घालवू नका.

मग जूनमध्ये पानं पूर्ण आली की लांब उभं राहून शेंडा बघा, कारण सगळा निर्णय त्याच्यावर आहे. पानोरा 30 टक्क्यांपेक्षा कमी विरळ झाला असेल तर औषधाला अर्थ आहे, अर्धा गेला असेल तर नाही. कारण अळी सालीच्या लगेच आत नागमोडी बोगदे करत जाते आणि औषधही तिथूनच वर चढणार असतं, वाटच तुटलेली असेल तर ते शेंड्यापर्यंत पोचणार कसं? सुतार पक्ष्याने साल उकरून फिकट पट्टे केलेत, बुंध्यावरून नवे कोंब फुटलेत, इंग्रजी डी अक्षरासारखी 3-4 मिलिमीटरची भोकं दिसतायत, म्हणजे भुंगा येऊन बराच काळ झालाय.

इथे कोकणातल्या लोकांना एक सांगायचंय. आंब्याला भिरूड लागला की आपण भोकात तार घालून अळी काढतो, औषध सोडतो, वरून चिखल लिंपतो. इथे ते चालत नाही. हे डी आकाराचं भोक भुंगा बाहेर पडल्याचं आहे, आत कोणी नाही, बाकीच्या अळ्या सालीखाली भलतीकडेच आहेत. तसंच इंडियन स्टोअरमधलं नीम ऑइल पाण्यात घालून खोडावर फवारूनही काही होत नाही, ते आत जातच नाही.

आता औषधं. मोठ्या झाडाला माझं मत स्पष्ट एमामेक्टिन बेंझोएटच्या इंजेक्शनला. लायसन्सवाला माणूस बुंध्याला छोटी भोकं पाडून औषध आत सोडतो, पानं आल्यावर मे-जूनमध्ये दिलेलं उत्तम, आणि एकदा दिलं की 2 वर्षं, बऱ्याचदा तिसऱ्या वर्षीही टिकतं. भोकांची जखम होते हे खरं, पण झाड मरण्यापेक्षा ते परवडलं. खर्च व्यासाच्या इंचावर, बऱ्याच ठिकाणी इंचाला 10-15 डॉलरच्या आसपास. साडेचार फुटांवर टेपने घेर मोजा आणि 3.14 ने भागा, घेर 63 इंच असेल तर व्यास 20, म्हणजे दर 2 वर्षांनी 200-300 डॉलर. दहा वर्षांचा हिशोब करून तोडण्याच्या कोटेशनशेजारी ठेवा, सावलीचं मोठं झाड असेल तर वाचवणं बऱ्याचदा महाग पडत नाही.

इमिडाक्लोप्रिडचं ड्रेंच स्वस्त, घरच्या घरी मल्च बाजूला सारून बुंध्याशी ओतायचं, पण दरवर्षी, न चुकता. 15 इंचांपर्यंतच्या निरोगी झाडाला ठीक, त्यावर दुकानातला डोस कमी पडतो. आणि बुंध्याभोवती फुलझाडं असतील तर ती पण ते शोषतात आणि मधमाश्या तिथेच येतात, हे मला अजिबात पटत नाही. मेरीलँड, न्यू जर्सीसारख्या राज्यांत या जातीच्या औषधांवर निर्बंध आहेत. त्याच जातीचं डायनोटेफ्युरान लवकर चढतं पण वर्षभरच पुरतं.

ज्यांना कडक रसायन नको त्यांच्यासाठी ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे आपल्या निंबोळीतलंच द्रव्य, खोडात इंजेक्शनने देतात. कॅनडात भरपूर वापरतात. अळीला कात टाकू देत नाही, त्यामुळे ती वाढतच नाही. पण भुंग्याचा जोर असेल तर दरवर्षी द्यावं लागतं. लवकर सुरू केलंत तर चांगला पर्याय, झाड निम्मं वाळल्यावर नाही.

2007 पासून या भुंग्याला आवरायला सरकार सोडतंय त्या परजीवी गांधीलमाश्यांबद्दलही लोक विचारतात. त्या जंगलासाठी आहेत. त्यातल्या एका मुख्य जातीची अंडी घालायची नळी इतकी आखूड असते की 12 सेंटिमीटरपेक्षा जाड खोडाच्या सालीतून ती जातच नाही. जंगलातली कोवळी ॲश त्यांनी तगतील, तुमच्या दारातलं मोठं झाड नाही.

तोडायचंच असेल तर मात्र लवकर तोडा, प्लीज. मेलेलं ॲश फार पटकन ठिसूळ होतं, वर चढायला माणूस तयार होत नाही, मग बकेट ट्रक नाहीतर क्रेन, आणि बिल वाढत जातं. घराकडे झुकलेलं असेल तर एक हिवाळासुद्धा थांबू नका. फुटपाथ आणि रस्त्याच्या मधल्या पट्टीतलं झाड बहुधा सिटीचं असतं, आधी त्यांना फोन करा. लाकूड कॅम्पिंगला घेऊन जाऊ नका, हा भुंगा असाच गावोगाव पोचला. 6 इंचांच्या आतलं झाड असेल तर मी औषधाच्या भानगडीत पडणार नाही, काढून दुसरं लावेन. पण सगळ्यांनी मेपलच नका लावू. डच एल्म रोगाने एल्मची झाडं गेली तेव्हा रस्तेच्या रस्ते एकट्या ॲशने भरले होते, त्याचीच किंमत आता मोजतोय. स्वँप व्हाइट ओक, हॅकबेरी, केंटकी कॉफीट्री बघा.

कोटेशन घेताना औषधाचं नाव, डोस आणि लायसन्स नंबर लेखी मागा, आणि मार्चमध्येच बुकिंग करा, मे उजाडला की चांगल्या लोकांच्या तारखा मिळत नाहीत.