सोलापुरातला विजापूर रोडवरचा प्राण्यांचा दवाखाना: कुत्र्याला घेऊन गेलो आणि पुतणीचं रक्त तपासलं

पाच स्टार देतोय, आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण घरात कुत्रं मांजर आणि लहान पोरं दोन्ही असणाऱ्यांनी हे वाचायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

आमचा शेऱ्या गावठी आहे, अडीच वर्षांचा. दिवाळीआधी त्याचं जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तोंड फिरवायचा. आधी दुसरीकडं दाखवलं, तिथं जंताचं औषध आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं, पोटाला हातसुद्धा लावला नाही. चौथ्या दिवशी रात्री त्याला फिट आली, पाय ताठ, तोंडाला फेस, आई तर रडायलाच लागली. सकाळी शेजारच्या आक्कांनी या दवाखान्याचं सांगितलं.

डॉक्टर मॅडमनी पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, घरात रंगकाम चालू आहे का?" मी चाटच पडलो. आमचं घर भवानी पेठेत, आजोबांच्या काळातलं, आणि मोठा भाऊ गेले दोन आठवडे जुने दरवाजे पॉलिश पेपरनं घासत होता, खाली हिरव्या ऑइल पेंटचे किती थर निघाले त्याचा हिशोबच नाही. शेऱ्या रोज त्याच उंबऱ्यात झोपायचा आणि उठला की पंजे चाटत बसायचा.

मग एक्स-रे काढला, आतड्यात मिठाच्या खड्यांसारखे पांढरे बारीक कण. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं, लाल पेशींत निळे निळे बारीक ठिपके होते. म्हणाल्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि शिशाच्या विषबाधेत असं दिसतं, पण एवढ्यावर ठरवायचं नाही, रक्तातलं शिसं मोजू. नमुना बाहेरगावी पाठवला आणि फिटचं औषध, पोट साफ करायचं औषध तिथंच लगेच सुरू केलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला, डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटर रक्ताला, 46 मायक्रोग्रॅम. मग पाच दिवस शिसं बाहेर काढायची इंजेक्शनं, कातडीखाली, सलाइनमध्ये मिसळून.

पण मी पाच स्टार देतोय ते पुढच्यासाठी. रिपोर्ट हातात देतानाच मॅडमनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. आहे ना, भावाची चिऊ, तीन वर्षांची, दिवसभर त्याच उंबऱ्यात शेऱ्याच्या अंगावर लोळत असते. मॅडम म्हणाल्या कुत्रं आणि लहान मूल दोघंही जमिनीलगत वावरतात, दोघांचंही सगळं तोंडात जातं, आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या पोटातून शिसं चार-पाच पट जास्त अंगात शोषलं जातं. कुत्र्याचा आकडा म्हणजे पोरीचा आकडा नव्हे, पण धूळ तीच आहे, आजच बालरोगतज्ज्ञांकडं जा. त्यांना द्यायला स्वतःच्या हातानं चिठ्ठीपण लिहून दिली.

चिऊच्या रक्तातलं शिसं त्याच मापात 9 आलं. दिसायला ठणठणीत, खेळत होती, ताप नाही काही नाही, आपण होऊन कुणी तिचं शिसं कधी तपासलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं 5 किंवा त्याच्यावर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असतं. तिला इंजेक्शनं लागली नाहीत, एवढ्या आकड्याला देत नाहीत. दरवाजे घासणं बंद, झाडू बंद करून ओल्या फडक्यानं पुसणं, जेवायच्या आधी हात धुणं, आणि लोह-कॅल्शियमचं खाणं, म्हणजे नाचणी, पालेभाज्या, दूध. वैनी दिवसातून दोनदा फरशी पुसत होत्या.

मॅडमनी मला बसवून जपानमधल्या मिनामाताचंपण सांगितलं. तिथं 1950च्या दशकात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला आणि मासे खाणारी मांजरं नाचल्यासारखी झटके देत मरायला लागली, माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद 1956ची. ऑस्ट्रेलियात एस्परन्स बंदरात 2006च्या शेवटाला हजारो पक्षी मेले तेव्हा कुठं बंदरातून उडणारी शिशाची धूळ लक्षात आली, नंतर तिथल्या मुलांच्या रक्तातही शिसं सापडलं. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आमचा उंबरा होता.

आपल्याकडं रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 मध्ये, म्हणजे जुन्या पेठांतल्या दारं-खिडक्यांवर काय असेल विचार करा. घासायचंच असेल तर ओलं करून घासा, पोरांना आणि जनावरांना तेवढे दिवस दुसरीकडं ठेवा.

तक्रार म्हणाल तर रविवारी फार गर्दी, दीड तास थांबलो, बाहेर सावली नाही आणि शिशाच्या तपासणीचे पैसे वेगळे रोख द्यावे लागले. पण मॅडम प्रत्येकाशी नीट बोलतात, घाई करत नाहीत.

शेऱ्या आता परत भाकरी मागून खातो, दुसऱ्या तपासणीत 14 आलं. चिऊचं दोन महिन्यांनी 6 झालंय, पुढची तपासणी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर आहे, आणि भाऊ आता दरवाजे उतरवून नवीनच बसवतोय.