‘बोट फिरवलं तरी पसरत नाही’ म्हणे!

5,200 गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात अजून तो खरा सांगितलेला नाही. 4,600 पेस्टल रंगांच्या कांड्यांच्या पेटीचे आणि 600 ‘परत मिळणाऱ्या विमा डिपॉझिट’चे. ते 600 का भरले, विचारू नका. 4,600 अडकलेत म्हटल्यावर ते सोडवायला माणूस आणखी भरतो. तुम्ही भरू नका.

पहिलंच पेस्टल चित्र काढायचं होतं. फ्रेंच चित्रकार देगाच्या पेस्टलमधल्या नर्तकी पाहून डोक्यात शिरलेलं खूळ. आणि मी काही आंधळेपणाने उडी मारली नव्हती. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य आणि कांडी जेमतेम धरून ठेवेल इतकाच डिंक. ऑइल पेस्टलमध्ये तेल आणि मेण. दोघांचं एका कागदावर पटत नाही. कागद खरखरीत हवा, शक्यतो राखाडी किंवा मातकट. सगळं वहीत लिहिलेलं होतं. जलरंगासारखे दोन रंग ताटलीत कालवता येत नाहीत, हवी ती छटा कांडीतच असलेली बरी, म्हणून 72 कांड्यांच्या पेटीचा मोह पडला. सुरुवातीला 24 अर्ध्या कांड्या पुरतात, हे आता सांगतेय.

‘स्टुडिओ बंद करतोय, न वापरलेली पेटी, निम्म्या किमतीत,’ अशी एकाची जाहिरात दिसली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आणखी दोघं मागे लागलेत, आज पैसे आले तरच ठेवतो, वगैरे.

पण व्हिडिओ मी मागवला होता! तोच तर जिवाला लागलाय. त्यात एका हाताने निळी रेघ ओढली, वरून बोट फिरवलं आणि बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. स्वच्छ. रेघ जशीच्या तशी, वर हलकी चकाकी. खाली त्या विकणाऱ्याचा मेसेज: “बघा ताई, बोट फिरवलं तरी पसरत नाही. फिक्सेटिव्हचा खर्चही वाचला.” (फिक्सेटिव्ह म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवायचा फवारा.) आणि मी, जिच्या वहीत ‘सॉफ्ट पेस्टल बोटाने पसरतं, भुकटी झडते, फुंकर मारायची नाही, नाकातोंडात जाते’ असं दोनदा अधोरेखित केलेलं होतं, ती मी “वा, छान!” म्हणाले. वर अंगठा पाठवला. तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिलाय. अकराही वेळा बोट स्वच्छच आहे.

पेटी आली. 72 नाही, 48. प्रत्येक कांडीवर ओळखीच्या महागड्या नावाची पट्टी, पण गोंद ओला असतानाच चिकटवल्यासारखी तिरकी. नखाने खरवडलं तर भुकटी नाही, मेणाची साल निघाली. शाळेतले ऑइल पेस्टल. रंगद्रव्याचा क्रमांक एकाही कांडीवर नाही. चांगल्या कांडीच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या रंगतक्त्यात तो असतो. अल्ट्रामरीन निळा असेल तर पीबी29. नसेल तिथे थांबा. आणि पार्सल उघडताना चित्रीकरण करा. मी केलं नाही, आनंदात होते.

मग सुरू झाला खरा तमाशा. पैसे पाठवायच्या अ‍ॅपने चार मिनिटांत तक्रार बंद केली: ‘व्यवहार यशस्वी’. यशस्वी! बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. कुरियरवाल्यांचं म्हणणं, आत काय आहे ते आम्ही बघत नाही. पोलीस चौकीत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी ‘साहेब नाहीत’, दुसऱ्या दिवशी साहेब होते, अर्जाचा नमुना नव्हता. तिसऱ्या दिवशी विचारलं, “मॅडम, रंग मागवले, रंग आले. फसवणूक कसली?” मी सॉफ्ट आणि ऑइल समजावत होते आणि ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच काही विकायला आलेय. त्यांच्या शेजारी बसलेला म्हणाला, “लहान मुलं असतील घरात, त्यांना द्या.” मालाचं वर्णन म्हणून लिहिलं काय, तर ‘रंगीत खडू, 48 नग’. उरलेल्या 24 चं काय? गप्प.

शेवटी फरक दाखवायला त्यांच्यासमोर माझ्या अर्जाच्या प्रतीवरच त्या पेटीतल्या कांडीने निळी रेघ ओढली. कोणी वर पाहिलंही नाही.

ती प्रत घरी आहे, शिक्क्यासकट. काल रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. खरंच पसरत नाही. तेवढं मात्र तो खोटं बोलला नव्हता.